फुटक्या चुड्याचा पुरावा

"ठेवलेली बाई हाय, सायेब. लगीन न्हाई लागलं."

माझा सख्खा दीर पौडच्या कचेरीत हे म्हणाला. माझ्यादेखत. सकाळी माझ्याच हातची भाकरी खाऊन निघाला होता.

गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे. मी तिकडची. नवरा मुळशीचा, तिकडे खाणीत कामाला आलेला. त्याने मला इथे आणलं, गावच्या देवळात लग्न केलं. लग्नाचा कागद इथे कुणाकडेच नसतो. अक्षता पडल्या की झालं. पण सरकारच्या लेखी मी परदेशी. ज्या गावात गुडघाभर चिखलात भात लावलं, लेक जन्माला घातली, तिथे राहायला मला परवाना. तोही नवऱ्याची बायको म्हणून मिळालेला.

नवरा तापाने गेला. परवान्याची मुदतही सरली.

साहेब कागदातून मान वर न करता म्हणाले, "लग्नाची बायको असाल तर विधवा म्हणून अर्ज करा. नसाल तर हद्दीपलीकडे जावं लागेल. पुरावा काय?"

दिराने तोंड घातलं. "कसला पुरावा? जाऊ द्या तिला. पोरगी ऱ्हाईल आमच्याकडं. आमचं रगात हाय."

लेक अजून अंगावर पीत होती. ती हवी, तिची आई नको. आणि भावाचं भाताचं खाचर तर हवंच. दीर खुर्चीवर, मी भिंतीशी उभी. गोव्याची अवदसा, बाटगी, काय काय ऐकलं होतं मी त्या घरात. तोंड दाबून राहिलं की आपण घरच्या होऊ, असं वाटायचं. कसल्या घरच्या! डोकं भणाणलं. मी पदर सारला आणि मनगट टेबलावर ठेवलं.

"सायेब, ह्यो वण बघा. नवऱ्याच्या मयताला नणंदेनं दगडानं माजा चुडा फोडला. काच आत घुसली. आन् ह्येच भावजी वरडत व्हते, 'फोडा लवकर, मयत खोळंबलंय.' ठेवलेल्या बाईचा चुडा फोडत्यात व्हय? इचारा त्यांला."

साहेबांनी मान वर केली. विचारलं.

दीर खाली बघत पुटपुटला, "रीत हाय ती."

"कुणासाठी?"

"लग्नाच्या बायकूसाठी."

अर्ज घेतला गेला. परवाना मिळाला, पण दर वर्षी कचेरीत येऊन उभं राहायच्या अटीवर. लोक म्हणाले, बाई जिंकली. काय जिंकली? माझी हळद कुणाला आठवली नाही. त्याच्या उशाशी जागून काढलेल्या रात्री आठवल्या नाहीत. मला मारलेला दगड तेवढा कामी आला. याची आजही चीड येते.

घरी आले. मीच माझं चूलभांडं वेगळं केलं. जाऊ, म्हणजे त्याच दिराची बायको, दारात आली. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या.

मी म्हणाले, "उद्या तुज्यावर कुनी दगड उचलला तर त्याचा हात मी मोडीन. आन् कुनी पुरावा मागितला, तर साक्ष मी दीन."

ती घाबरली. "असं अभद्र बोलू नगा."

"बोलनार," मी म्हणाले. "आता गप ऱ्हानार न्हाई."