नको म्हटलेला चहा

दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरवर पहारा देणारी ती कंपनी. तिथे कुलूपभाऊंचं काम एकच, नोकरीवरून काढलेल्या माणसाचं कॉम्प्युटरवरचं खातं बंद करायचं. त्यामुळे कोण जाणार हे त्या माणसाच्या आधी यांना कळायचं. पोटातलं ओठावर येऊ देत नसत, म्हणून पोरांनी नाव ठेवलं कुलूपभाऊ.

माणूस पापभीरू. ज्याचं खातं दुपारी बंद करायचं, त्याच्या हातचा चहा सकाळी त्यांच्या घशाखाली उतरत नसे. मग "आज पित्त झालंय" म्हणून वेळ मारून न्यायचे. यात कुणाचं काय बिघडणार, असं बिचाऱ्यांना वाटायचं.

एके दिवशी मॅनेजर मॅडमनी केबिनमध्ये बोलावून दादांचं नाव सांगितलं आणि भाऊंच्या पायाखालची जमीन सरकली. दादांनीच त्यांना हे काम शिकवलं होतं. भाऊंच्या बायकोच्या आजारपणात यांच्या रात्रपाळ्या दादांनी केल्या होत्या. आणि तेच दादा एका ग्राहकाची गोपनीय माहिती बाहेर विकत होते म्हणे!

"जेवणानंतर मी त्यांना बोलावते, तेव्हाच खातं बंद करा," मॅडम म्हणाल्या. "तोवर संशय येता कामा नये. नाहीतर जाताना उरलंसुरलंही घेऊन जातील."

भाऊ जागेवर येतात तर दादा दोन कप घेऊन हजर.

"घे रे, गरम आहे."

भाऊंचा हात काही पुढे होईना.

"नको दादा... आज जरा पित्त..."

दादांनी दोन्ही कप टेबलावर ठेवले. "मागे दोघांना काढलं तेव्हाही तुला पित्तच झालं होतं," एवढं बोलून ते झपाझप आपल्या जागेकडे निघाले.

काय करून बसलो आपण! मॅडमना विचारायला जावं तर उशीर होणार, गप्प बसावं तर ग्राहक बुडणार. भाऊंनी कुणाला न विचारता दादांचं खातं बंद करून टाकलं.

काचेपलीकडे दादांनी नुकताच पेनड्राइव्ह लावला होता. स्क्रीन काळी झाली तशी त्यांनी मान वर केली. भाऊंना पहिल्यांदा हे काम बिनचूक जमलं होतं, तेव्हा दादा असेच कौतुकाने बघत होते. भाऊंना रडूच कोसळलं.

ग्राहकाची माहिती बचावली. चौकशीत भाऊंनी चहाचं स्वतःहून सांगून टाकलं. मॅडम एवढंच म्हणाल्या, "यापुढे रोज पीत जा."

तेव्हापासून भाऊ कुणाच्याच चहाला नाही म्हणत नाहीत. परवा शेजारच्या टेबलावरच्या मुलीने कप पुढे केला. भाऊंनी घोट घेतल्यावर ती म्हणाली, "हुश्श! भाऊ चहा प्यायले, म्हणजे माझी नोकरी शाबूत."

सगळे हसले. भाऊही हसले. दुपारी तिचंच खातं बंद करायचं होतं. त्यांनी कप पूर्ण रिकामा केला आणि चहा छान झालाय म्हणून सांगितलं.