सुनेची घुगरी

खतांचं दुकान मुलाच्या हाती दिलं, कॅमेरा घेतला आणि फोटो टाकायच्या एका संकेतस्थळावर मी उतारवयात कलावंत झालो. तिथला रिवाज आपल्या आहेरासारखाच. तुम्ही माझ्या फोटोला 'अप्रतिम' म्हणायचं, मी तुमच्या. पुण्याच्या एका डॉक्टरांनी टाकलेला हललेला कावळा पाहून मी लिहिलं होतं, 'या धूसरपणात एकाकीपण आहे.' दुसऱ्या दिवशी त्यांना माझ्या बैलाच्या डोळ्यांत करुणा दिसली.

ढाणकीजवळच्या तांड्यातली एक म्हातारी आमच्या दुकानाची जुनी गिऱ्हाईक. तिचा फोटो मला हवा होता, तोही जुन्या बंजारा वेशात, कानांशेजारी केसांतून लोंबणाऱ्या चांदीच्या घुगरीसकट. घुगरी नवरा असलेली बाईच घालते आणि हिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. हे मला ठाऊक होतं. घुगरी तिच्या सुनेची. सून फोटोला तयारही होती, पण तिच्या चेहऱ्यावर सुरकुत्या नव्हत्या, आणि आमच्या मंडळींत सुरकुत्यांना मागणी फार.

"भाऊ, मले हे चालत नाही," म्हातारी म्हणाली.

"फोटोपुरतं वो बाई. तांड्यात कोन पाह्यते?"

जुन्या ओळखीच्या माणसाला नाही म्हणवेना, म्हणून तिनं ती घातली.

फोटो त्या आठवड्यातला सर्वोत्तम ठरला. नाशिकच्या एका जाणकार बाईंनी घुगरीवर लांबलचक टीप लिहून शेवटी म्हटलं, 'चेहऱ्यावर भरल्या संसाराचं तेज आहे.' मी उत्तर दिलं, 'अचूक ओळखलंत.'

ते तेज मोबाईलवरून फिरत फिरत तांड्यात पोचलं. हातपंपावर बायांनी तिला विचारलं, "काहून वं बुढे, आता कोनाच्या नावानं सजली?" तांड्यातल्या नवऱ्यामुलींना ढावलो, म्हणजे सासरी निघताना रडत गायचं गाणं, तीच शिकवायची. पुढच्या लग्नघरानं तिला बोलावलंच नाही.

ती दुकानात आली. "तुमीच घालाले लावलं, एवढं तांड्यात येऊन सांगा."

मी सांगितलं, पण संकेतस्थळावर. फोटोखाली खरं काय ते लिहिलं. डॉक्टर लगेच म्हणाले, 'किती प्रांजळ! सर, तुमचे शब्दही छायाचित्रंच आहेत.' कबुलीला फोटोपेक्षा जास्त लाइक पडले आणि ते येताना मी पाहत बसलो, हेही इथे लिहून ठेवतो. मग लाज वाटली. फोटो काढून टाकला आणि तांड्यात गेलो.

नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, अंगणात बाया जमल्या. म्हटलं, ती नाही म्हणत होती, घालायला मीच लावलं.

"मंग इतके दिवस काहून नाही सांगतलं?" एकीनं विचारलं.

"लोकं वाहवा करून राह्यले होते."

"कोन लोकं? ढाणकीचे?"

"नाही. त्यायले मी कधी भेटलो नाही."

बाया हसल्या. ते हसू माझ्यावर होतं, तिच्यावर नव्हतं. त्या लग्नघरातल्या नवरीच्या आईनं म्हातारीचा हात धरून तिला जवळ बसवलं.

"आता जा भाऊ," म्हातारी मला म्हणाली. "पोरीले ढावलो शिकवाचा हाय. तिथं गडीमानसायचं काम नाही."

तांड्याबाहेर आलो तर मोबाईल वाजला. डॉक्टरांनी नवा कावळा टाकला होता आणि माझ्या दोन शब्दांची वाट पाहत होते.