चौदा हजारांचं घर

पुंडलिकनगरातल्या त्या गल्लीत उमाबाईंच्या काटकसरीचं फार कौतुक होतं, पण ते मिरवायचे त्यांचे यजमान. अनंतराव वाळूजच्या एका कारखान्यात अकाउंट्सला. पाच वर्षांपूर्वी त्यांनी घरखर्चाला महिना चौदा हजार ठरवून दिले, ते आजतागायत तेवढेच. तेल चढलं, गॅस चढला, नळ रुसला की टँकर मागवावा लागायचा. चौदाचे पंधरा झाले नाहीत. "आमच्या हिच्या हाताला बरकत आहे," असं ते चारचौघांत सांगायचे आणि उमाबाई खाली बघून हसायच्या.

बरकत गुलमंडीतून यायची. तिथल्या एका दुकानातून त्या फॉल लावायला साड्या आणायच्या. अनंतराव कामावर गेले की खिडकीशी बसून टाके घालायच्या आणि ते यायच्या आत साड्या दिवाणात टाकायच्या. पहिल्यांदा सांगायचं राहूनच गेलं. त्या महिन्यात ते इतके खूश होते की सांगणं म्हणजे त्यांच्या हातातलं काहीतरी हिसकावून घेणं वाटलं. पुढं कौतुक वाढत गेलं आणि सांगायची जागा आकसत गेली.

या सोमवारी दुकानदार म्हणाला, "ताई, आता मशीनच घेतली. काम इथंच व्हायलंय. वाईट वाटून घेऊ नका."

रिकामी पिशवी घडी करत त्या रिक्षा न करता चालत निघाल्या. पगाराच्या दिवशी वाढवून मागायचं, हे त्यांनी चालता चालता ठरवलं. पुढचे दिवस भाजी निवडताना ते वाक्य पुटपुटून पाहिलं.

पगाराच्या संध्याकाळी अनंतराव एकटे आले नाहीत. सोबत त्यांच्याच खात्यातला, वर्षभरापूर्वी लग्न झालेला अतुल होता आणि त्याची बायको अमृता.

"उमा, शिष्य आणलेत तुला! यांच्या घरात वीस तारखेलाच खडखडाट व्हायलाय."

"हिला शिकवा काकू," अतुल म्हणाला. "पार्सलवाला आता मला दाजी म्हणायलाय."

"आणि गाडीला नवी सीट कव्हरं माझ्या माहेरहून आली का?" अमृतानं विचारलं. सगळे हसले.

उमाबाई सांगू लागल्या. किराणा मोंढ्यातून ठोक भावानं एकदम भरावा, बाजार उठायच्या वेळी भाजीला जावं, तुरीच्या डाळीत थोडी मुगाची मिसळावी. सगळं खरं होतं. बोलता बोलता त्यांना स्वतःचाच आवाज आवडायला लागला.

"पण काकू," अमृता म्हणाली, "एवढं करून चौदा हजारांत खरंच पुरतं?"

अनंतराव सोफ्याच्या कडेवर सरकून बसले होते. गॅदरिंगला लेकीचं नाव पुकारलं जावं तसा त्यांचा चेहरा. वाढवून मागायचं पाठ केलेलं वाक्य उमाबाईंच्या जिभेवर आलं.

"पुरतं," त्या म्हणाल्या.

"ऐकलंस?" अतुल म्हणाला. "पुढच्या महिन्यापासून आपणही चौदाच. विषय संपला."

"मी तर यंदाची पगारवाढ सरळ आरडीत टाकायलोय," म्हणत अनंतरावांनी चौदा हजारांचं पाकीट उमाबाईंच्या हातात दिलं. "हिला लागतच नाही."

उमाबाई चहा टाकायला आत गेल्या. मागोमाग अमृता आली.

"काकू, मला नाही जमलं तर?"

दूध वर येत होतं. उमाबाईंनी गॅस बारीक केला.

"नाही जमत," त्या हळूच म्हणाल्या. "मलाही नाही जमत."

अमृतानं त्यांचा हात धरला. "मग बाहेर चला. आत्ता सांगा काकांना."

"आता कसं सांगू, बाई?"

"मग मी अतुलला कसं सांगू?"

बाहेरून अनंतरावांचा आवाज आला, "गुरुजी, चहा मिळंल का आज?"

अमृतानं ट्रे उचलला आणि एकटीच गेली. उमाबाई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. ही आता बोलेल, अशी त्यांना भीती वाटत होती; आणि बोलावंच तिनं, असंही वाटत होतं. बराच वेळ बाहेरून फक्त कपबश्यांचा आवाज येत राहिला.