म्हशीच्या बाजूनं कोण बोलणार?

प्रत्येक गोष्टीला दोन बाजू असतात हे जगातल्या सगळ्या शहाण्या माणसांना मान्य आहे, पण माझ्या बायकोच्या मामांना ते शेवटपर्यंत मान्य झालं नाही. "दोन बाजू भाकरीला, जावईबापू," ते मला म्हणत, "बाकी समद्याला लई असत्यात." आणि त्या लई बाजू तपासल्याशिवाय मामा शिवाजी पेठेत कुणाला काही ठरवू देत नसत. तालमीची बैठक असो नाहीतर कुणाच्या मुलीचं लग्न, माणसं त्यांच्या घराच्या पुढच्या सोप्यात जमत आणि मामा ज्याला त्याला बाजू वाटून देत. ज्यानं कल्पना मांडली त्यानं तिच्या विरोधात बोलायचं, ज्याचा विरोध त्यानं ती उचलून धरायची, आणि जो तिथं हजरच नाही त्याच्या वतीनं उरलेल्यांनी भांडायचं. स्वतःचं मत मांडायला सक्त मनाई. "ते समद्यास्नी ठावं असतंय, त्यात काय ऐकायचं?"

एकदा तालमीपुढं सिमेंटचा कट्टा बांधायचं निघालं. कल्पना एका दांडग्या पैलवानाची. मामांनी त्यालाच विरोधात उभं केलं. तो बिचारा घामाघूम झाला. "मामा, मी माझ्याच इरुद्ध कसा बोलू?" मामा म्हणाले, "मग दुसरा इरुद्ध बोलला की दंड का थोपटतोस?" पैलवान मुकाट्यानं खाली बसला. मग मामांनी चष्मा पुसला आणि सोप्यातल्या सगळ्यांवरून नजर फिरवली. त्या जागेवर संध्याकाळी म्हशी उभ्या राहत, आणि लोक समोर धार काढून घेऊन फेसाळ दूध तिथंच पीत. "म्हशीच्या बाजूनं कोण बोलणार?" त्यांचं बोट माझ्यावर येऊन थांबलं. "जावईबापू, उठा. तुम्ही शिकल्यालं."

आता मी कॉलेजच्या ऑफिसातला हेडक्लार्क, अंगात इस्त्रीचा शर्ट, आणि सासुरवाडीची माणसं समोर बसलेली. पण मामांपुढं इलाज नव्हता. मी उठलो आणि म्हणालो, "मी दिवसभर उन्हात असते. सावलीची भिंत ही एवढीच. इथं कट्टा झाला तर मी दूध कुठं उभी राहून देऊ?" सोपा हसून हसून आडवा झाला, पण कट्टा समोरच्या भिंतीला गेला. पुढं कित्येक महिने पेठेत मला लोक थांबवून विचारत, "काय म्हणत्यात म्हशी?" बायको तर आठवडाभर माझ्याकडं बघून पदर तोंडाला लावत होती.

मामी होत्या तोवर या खुळाला थोडा लगाम होता. रविवारी पांढऱ्या रश्श्यात मिरी किती, यावर मामांनी बाजू वाटायला घेतल्या की त्या आतून ओरडत, "बाजू मागनं बघा, आधी पानावर बसा!" मामी गेल्या आणि मामा एकटे पडले. एकदा जिन्यात चक्कर येऊन पडले. ते कळल्यावर नागपूरला नोकरीला असलेला त्यांचा एकुलता एक मुलगा, दिनकर, त्यांना कायमचं न्यायला आला. पेठ खवळली. मामा पेठेबाहेर? छे! मामा मात्र शांतपणे म्हणाले, "बैठक घेऊ की."

झालं! आम्ही सगळे त्यांनी राहावं या मताचे, म्हणून आम्हाला बाजू मिळाली जाण्याची. मी तावातावानं भांडलो. नागपूरची हवा, सुनेच्या हातचं वेळेवर जेवण, डॉक्टर शेजारी, काही म्हणता काही सोडलं नाही. दिनकरला राहण्याच्या बाजूनं बोलायचं होतं. तो उभा राहिला. "आबा सकाळी दारात बसले की येणारा-जाणारा हाक मारून जातो," तो म्हणाला. "नागपुरात आम्ही दोघं कामावर गेल्यावर यांना हाक कोण मारणार?" तो खाली बसला.

मग मामा उठले. त्यांच्या वाट्याला मुलाची बाजू होती. "माझा बा हितं एकटा पडला," ते म्हणाले, "आणि मला दोन दिसांनी शेजाऱ्यानं कळवलं, तर मी या पेठेत परत कुठल्या तोंडानं येऊ? जल्मभर झोप लागंल व्हय मला?"

दिनकर डोळे पुसत म्हणाला, "आबा, तुम्ही राहा इथंच. मी येत जाईन." मामा उसळले, "गप ए! मी येणार हाय." मग बापलेकांचं असं भांडण जुंपलं की विचारू नका. मुलगा राहा म्हणून हट्टाला पेटलेला, बाप जातो म्हणून. नेहमीप्रमाणे मामा जिंकले.

स्टेशनवर सगळी पेठ लोटली होती. गाडी सुटायच्या बेतात असताना मामांनी खिडकीतून हात बाहेर काढून माझं मनगट धरलं. "जावईबापू, त्या दिवशी मी जावं म्हणून लई झ्याक बोललासा. आता तुमचं सांगा. तुमचं सोताचं."

इतक्या वर्षांत त्यांनी मला हे कधी विचारलं नव्हतं. "नका जाऊ, मामा," मी म्हणालो.

"आत्ता बरं वाटलं बघा," मामा म्हणाले, आणि गाडी हलली तरी त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. मी खिडकीबरोबर चालत राहिलो.