पाच वेळा हरवलेलं मेंढरू

गेल्या वर्षी आठ महिने मी दर रविवारी न चुकता चर्चला गेलो, आणि त्या आठ महिन्यांत रविवारी सकाळी मी अंगावरची चादरसुद्धा काढली नाही. (पहिले तीन रविवार सोडून. कबुली द्यायचीच तर पुरती द्यावी.)

आमच्या गावी, राहात्याला, चर्च शोधावं लागत नव्हतं. ते घराच्या मागेच होतं; घंटा वाजली की आमच्या मांडणीतले पेले थरथरायचे. मग कंपनीने माझी बदली नगरच्या गोदामावर केली आणि आम्ही केडगावात भाड्याने राहायला आलो. इथे पेले गप्प. चर्च आपणच शोधायचं.

पहिल्या रविवारी गेलो, तिथली उपासना इंग्रजीत निघाली. मी ‘आमेन’ तेवढं बरोबर म्हटलं. दुसऱ्या ठिकाणी ड्रम होते आणि मी नेमका स्पीकरला टेकून बसलो. मंगळवारपर्यंत गोदामातले लोक माझ्याशी खुणांनी बोलत होते. तिसऱ्या ठिकाणची माणसं मात्र फार प्रेमळ. तीच अडचण झाली! त्यांनी आम्हाला उभं करून टाळ्या वाजवल्या, पत्ता घेतला आणि त्याच संध्याकाळी आठ जण घरी प्रार्थनेला आले. मी पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत पिंप भरत होतो. माझ्या बायकोने, रूथने, सगळ्यांना चहा केला आणि त्यांनी माझ्यासाठी, विशेष करून माझ्यासाठी, प्रार्थना केली.

चौथ्या रविवारी मी म्हटलं, "आज जरा पडतो. सहा दिवस गोदामात उभा असतो."

त्या ‘जरा’चे आठ महिने झाले.

एवढ्यावर राहिलं असतं तर देवाशी काहीतरी तडजोड झाली असती. पण रविवारी दुपारी राहात्याहून आईचा फोन यायचा.

"शिमू, गेल्ता का रं चर्चला?"

"गेलो होतो की."

"काय उपदेश झाला?"

पहिल्यांदा मी घाबरून बायबलातल्या, मेंढपाळ शोधत फिरतो त्या हरवलेल्या मेंढराचा उपदेश सांगितला. लहानपणापासून तोच नीट पाठ होता. पुढच्या महिन्यात सुचेना, म्हणून पुन्हा मेंढरू हरवलं. असं ते पाच वेळा हरवलं. एकदा आई म्हणाली, "तुमच्या पाळकाला दुसरं काय येत न्हाई व्हय?" तेव्हा पाळकाची लाज राखावी म्हणून मी सांगून टाकलं, की मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, माझं नाव लागलंय आणि मी उपासनेत सगळ्यांसमोर बायबलातला शास्त्रपाठसुद्धा वाचतो.

त्यावर आई नुसतं म्हणाली, "बरं."

शनिवारी ती एस.टी.ने हजर! पिशवीत बायबल, पेरू आणि पांढरं लुगडं. "उद्या तुझं चर्च बघायचं."

रूथने मला स्वयंपाकघरात ओढलं. "अहो, आता तरी सांगून टाका."

"उद्या चर्चमधून आल्यावर सांगतो."

"कुठल्या चर्चमधून?"

प्रश्न रास्त होता.

सकाळी दोघींना रिक्षात बसवून मी एका चर्चवर नेलं. त्याची पाटी मला गोदामाला जाता-येता दिसायची, ओळख तेवढीच. दारात पाळकसाहेब उभे होते. मी जुना दोस्त भेटल्यासारखा ओरडलो, "सलाम, पाळकसाहेब!"

"सलाम. आपण...?"

"आई आलीये!" मी म्हणालो.

आईने त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. "साहेब, लहान तोंडी मोठा घास घेते. उपदेश तुमी चांगला करता म्हनं. पर त्या मेंढराला आता दावं बांधा. पाच येळा हरवलं. मेंढपाळाला बी दुसरी कामं असत्यात."

पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी चपला काढण्यात इतका गढलो की एक चप्पल दोनदा काढली.

आत शिरताना आईने विचारलं, "तुझी जागा कंची?"

राहात्याला पुरुष उजवीकडे बसतात, बायका डावीकडे. त्या अनुभवाच्या जोरावर मी ताठ मानेने उजवीकडे गेलो, तिसऱ्या बाकावर बसलो, डोळे मिटले आणि मनापासून प्रार्थना सुरू केली. (वीज जाणं, भूकंप, काहीही चालेल, पण आत्ता.) खांद्यावर कुणीतरी बोट टेकवलं.

"दादा, हिकडं बायका बसत्यात."

डोळे उघडले. पुढे अंबाडे, मागे अंबाडे, शेजारच्या आजींच्या मांडीवर भजनाचं पुस्तक.

"आज पंख्याखाली बसावं म्हटलं," मी म्हणालो.

"पंखा तिकडं हाय," आजी म्हणाल्या.

मी उठून सगळ्या मंडळीसमोरून डावीकडे गेलो. ते अंतर राहाता-केडगावएवढं असावं.

उपदेश झाला. मेंढराचा नव्हता. मग पाळकसाहेब म्हणाले, "आज कुणी पाहुणे असतील तर उभे राहा." मी बाकाला चिकटून बसलो. आई उभी राहिली.

"राहात्याहून आले, साहेब. मुलाकडं. तुमच्या मंडळीतलाच हाय तो. शास्त्रपाठ वाचतो ना हितं?"

पाळकसाहेब सज्जन माणूस. कपाळ पुसत म्हणाले, "बाई, मंडळी मोठी आहे... एखादं नाव निसटतं..."

माझ्यासाठी एक परका माणूस, तोही वेदीसमोर, अडखळत होता. ते मात्र मला सोसवेना. मी उभा राहिलो.

"साहेब, तुम्ही नका. मी इथे आज पहिल्यांदा आलोय. आठ महिने आईला खोटं सांगतोय. रविवारी मी झोपतो."

चर्चमध्ये पंखा तेवढा बोलत होता. (तो खरंच तिकडेच होता.)

आईने शांतपणे बायबल उघडलं आणि आतला घडी घातलेला कागद काढला. तो आमच्या जुन्या मंडळीचा दाखला होता. गाव बदललं की तो न्यायचा आणि नव्या मंडळीत द्यायचा. त्याशिवाय नाव लागत नाही. हे आमच्यात लहान मुलालाही माहीत असतं. मी मागायलाच विसरलो होतो.

"तू गेलास त्या आठवड्यातच पाळकाकडनं आनून ठेवला," आई म्हणाली. "नाव लागलं म्हनलास तवाच कळलं. दाखला माझ्याजवळ, अन् नाव कसं लागंल? तू सोताहून कवा बोलतोस, त्याची वाट बघत हुते."

मी मान खाली घातली. पाळकसाहेबांनी दाखला घेतला आणि रीतीप्रमाणे मोठ्याने वाचायला घेतला: "बंधू शिमोन हे उपासनेस नियमित हजर राहणारे व सत्य..." इथे त्यांना खोकला आला. बायकांच्या बाजूने पहिलं हसू फुटलं. त्याच आजी. मग सगळे हसले, रूथ सगळ्यात जास्त. आई हसली तेव्हा मला जरा श्वास घेता आला.

नाव लागलं. आता मी खरोखर दर रविवारी जातो, डावीकडे बसतो. दुपारी आईचा फोन मात्र मला येत नाही. ती थेट पाळकसाहेबांना करते. ते खरं बोलणारे आहेत. घरी आठ महिने झोपलो, त्याचा आईने गावात एक शब्द काढला नाही. परवा उपदेशात दहा मिनिटं डोळा लागला, तर सोमवारी सगळ्या राहात्याला माहीत!