अण्णांना दाखवलेले व्हिडिओ

बघण्यासारखे व्हिडिओ कोणते, हे मला विचारा. गंजून दगड झालेला लोखंडी शेगडा, म्हणजे काम घट्ट पकडून धरायचं अवजार, महिनाभर घासून नवा करणारा एक म्हातारा आहे. तो तोंडातून चकार शब्द काढत नाही, नुसता कानसीचा आवाज. लाकडाची दातेरी चाकं कापून भिंतीवरचं घड्याळ करणारी एक बाई आहे. तिचं पहिलं घड्याळ रोज तासभर मागे पडतं आणि ती खदाखदा हसते. मुठीत मावेल एवढं वाफेचं इंजिन लेथवर घडवणारा एक निवृत्त शिक्षकही आहे. तिन्ही बिनधास्त बघा. मी मात्र ते हौसेनं शोधले नव्हते. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकदा तोंड उघडावं म्हणून शोधले.

अण्णांचं बोरगावात दुकान होतं. शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारी ते भरायचे, म्हणजे आतली करपलेली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायचे. दिवाळीच्या तोंडावर त्यांना झटका आला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. रुग्णांना बोलायला शिकवणाऱ्या बेळगावच्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "जे काय परत यायचं ते पहिल्या काही महिन्यांतच जास्त येतं. त्यांच्या आवडीचं काहीतरी दाखवा, घरच्या भाषेत बोलत राहा."

मी निपाणीला शाळेत शिकवते. सांगितलेलं शब्दाला शब्द पाळायची मला खोड आहे. शाळा सुटली की घरी येऊन मी फोन उशीला टेकवायची आणि सुरू करायची. परीक्षा घेतल्यासारखी मध्येच व्हिडिओ थांबवायची.

"अण्णा, हे चाक बरोबर बसलंय का बघा की. सांगा बघू."

अण्णा छताकडे बघत राहायचे.

नातेवाईक काढ्यांच्या कृती पाठवत होते. त्यातल्या एकाला मी उलट तो शेगडावाला म्हातारा पाठवला आणि खाली लिहिलं, काढा तुम्हीच प्या. असला माझा स्वभाव. आईलासुद्धा मी सोडलं नाही. ती एवढंच म्हणाली होती, "किती दावतीस गं? त्येंचं डोळं दमलं. बास कर आता."

"मग काय करू? हात बांधून बसू?" मी खेकसले. आई गुमान आत गेली. मला माझीच लाज वाटली, पण थांबता येईना. दोन महिने उलटले होते. अण्णा आत आहेत, सगळं ऐकतायत, आणि मला त्यांच्यापर्यंत पोचता येत नाही, या विचारानं वर्गात शिकवताना माझं फळ्यावरचं वाक्य अर्धंच राहायचं.

फोन मला अधूनमधून कन्नड व्हिडिओ सुचवायचा. मी ते पटापट काढून टाकायची. घरची भाषा मराठी, बाईंनी तसं बजावलेलं.

एका रविवारी दुपारी माझे हात पिठात होते आणि फोनवर पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू झाला. कुठल्याशा खेड्यातला माणूस, हलता कॅमेरा, हातानं फिरवायचं गुंडाळणीचं यंत्र. तो मोटार भरत होता आणि तारेचे वेढे मोजत होता, "ओंदु, एरडु, मूरु..." मी बंद करायला धावले. आईनं माझं मनगट धरलं.

"थांब. त्येंचं वठ बघ."

ओठ हलत होते. सातव्या वेढ्याला आवाज फुटला. "एळु."

अण्णा जेवायचे मराठीत, भांडायचे मराठीत, देवळात स्तवन म्हणायचे मराठीत. पण काम शिकले चिकोडीच्या एका कन्नड उस्तादाच्या हाताखाली, आणि वेढे जन्मभर कन्नडातच मोजले. मी लहानपणापासून ते ऐकत आले होते. तरी दोन महिने मी त्यांची ती भाषा उंबऱ्याबाहेर ठेवली होती.

मी बाईंना फोन लावला. त्या हळूच म्हणाल्या, "आकडे पाठ असतात, ते आपोआप येतात. त्याला बोलणं समजू नका." फोन ठेवून मी पिठाच्या हातांनीच रडले.

तरी आठवडाभर रोज तोच व्हिडिओ लावला. अण्णा मोजायचे. त्यापुढे एक शब्द नाही. पाणी हवं का विचारलं तरी आकडेच. आता मला त्या आकड्यांचाही राग यायला लागला.

पुढच्या शनिवारी व्हिडिओ संपला तरी अण्णा कन्नडातच मोजत राहिले. पंचवीस, सव्वीस, सत्तावीस, आणि एकदम तीस. ते थबकले. एक वेढा चुकला तर अख्खी कॉइल उसवायची आणि पहिल्यापासून भरायची, हा त्यांच्या दुकानाचा कायदा. अंदाजानं पुढं गेलेला माणूस त्यांनी कधी दुकानात टिकू दिला नव्हता. त्यांनी डावा हात कपाळावर मारला आणि माझ्याकडे बघितलं.

"चुकलं," म्हणाले.

स्पष्ट. मराठीत. मला.

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ज्या माणसाचा हिशोब एका वेढ्यानंही कधी चुकला नाही, त्याला आपलं चुकलेलं कळलं होतं. आणि मी, त्यांची पोटची पोरगी, खाटेशेजारी उभी राहून टाळ्या पिटत होते.