दुधी दारावरचा हात

चूक आधी माझीच झाली. लग्नाला गेलेल्या माणसानं नवरी बघावी, पंगत कुठं बसलीय ते बघावं. मी गाडी बघत बसलो. फुलांच्या माळा घातलेली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलेली शेठची दुधी रंगाची गाडी. शेठची मुलगी तिच्यातूनच सासरी जाणार होती. चाकाखाली नारळसुद्धा ठेवून झाला होता. मी डोळे मिटले आणि मागच्या दारावर तळहात फिरवला.

"एय, हाथ ना अडाड. पूजा थई गई छे." हात लावू नको, पूजा झालीय.

शेठच होते. मग ड्रायव्हरला म्हणाले, "पाणी नाख." पाणी ओत.

ड्रायव्हरनं तांब्या आणला. माझा हात लागला तेवढंच दार धुतलं. पुढच्या दाराला टेकून शेठचे साडू पान चघळत उभे होते. तिथं पाणी पडलं नाही.

ही गोष्ट पंचाण्णव-शहाण्णवची. सुरतेत, उधन्याच्या एका गॅरेजात मी ठोकलेल्या गाड्यांना पुट्टी भरून रंग मारायचो. पुट्टी घासून झाली की पत्रा डोळ्याला सपाट दिसतो, पण डोळा फसवतो. तळहात फसत नाही. केसाएवढी लहर असली तरी हाताला कळते. म्हणून डोळे मिटायचे. हा रोग माझ्याबरोबर घरीही आला होता. बायकोच्या पाठीवर हात ठेवला की ती म्हणायची, "मी काय मडगार्ड हाय का? कुठं चेपलंय ते सांगा."

तर ते दार. टेम्पोनं आत दाबलेलं. मिस्त्रीनं ठोकून सरळ केलं, पुढचं सगळं माझं. उन्हानं पिवळट पडलेला दुधी रंग डब्यात मिळत नाही. थेंब थेंब पिवळा, किंचित काळा टाकत मी तो जमवला. शेठ रोज बघायला यायचे. एकदा नाव विचारलं. मग आडनाव. मग गाव. जालन्याकडचं म्हटल्यावर, गावात घर कोणत्या बाजूला, तेही विचारलं. मी सांगितलं. क्षणभर थांबले, मग हसले. "आपणे त्यां एवुं कंई नहीं." आमच्यात तसलं काही नाही. वर लग्नाचं आमंत्रण, घरवालीला घेऊन ये म्हणून.

मी येडा. बायकोला ठेवणीतली साडी नेसायला लावली.

ती आता माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभी राहून बघत होती. आणि मी काय केलं? "सॉरी शेठ" म्हणालो. हात पँटला पुसला. दोनदा.

दारावरून पाणी ओघळत होतं. सरळ. कुठंच वाकलं नाही, अडलं नाही. एकही लहर नव्हती. आयुष्यात इतकं साफ काम मी केलं नव्हतं.

आम्ही न जेवता निघालो.

महिन्याभरात तेच दार पुन्हा गॅरेजात आलं. बंगल्याच्या फाटकाला घासलं म्हणे. शेठ स्वतः आले. मालकाला म्हणाले, हा रंग याच्याशिवाय कुणाला जुळवता यायचा नाही. मग माझ्याकडे वळून, "तारो ज हाथ जोईए." तुझाच हात हवा.

पॉलिश पेपर माझ्या हातातून बादलीत पडला. मुद्दाम टाकला म्हणायला आवडेल, पण पडला.

"शेठ, त्या दारात पत्र्यापर्यंत माझा हात आहे," मी म्हणालो. "एक तांब्या पुरायचा नाही. मी ह्या गाडीला हात लावणार नाही."

मालक म्हणाला, माफी माग, नाहीतर उद्यापासून येऊ नको. माफी एकदा मागून झाली होती. पुट्टीनं माखलेल्या हातांनीच मी बाहेर पडलो.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. मग परत एकदा सांगितलं. दुसऱ्या वेळच्या सांगण्यात शेठचं तोंड जरा जास्तच पडलं होतं.

तिनं शाबासकी दिली नाही. माझा हात उलटा करून तळव्यावरची वाळलेली पुट्टी बघत राहिली.

"आज न्हाई म्हनलात, बरं केलं," ती म्हणाली. "पर त्या दिशी हात पँटला कामून पुसला? दोनदा?"

मी हात मागे घ्यायला गेलो. तिनं सोडला नाही.

"आता कुनाम्होरं पुसायचा न्हाई," ती म्हणाली. "काम मिळो, न मिळो."